पंतोजी, ट्यूटर आणि बालसखी

यवतमाळ जिल्ह्यात वणीहून करंजीकडे निघालं की वाटेत मारेगाव लागतं. तालुक्याचं गाव. आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन. डांबरी रस्ता सोडून आत वळलं की कोलामांचे पोड सुरू होतात. पोड म्हणजे कोलाम समाजाची वस्ती, मुख्य गावापासून जराशी फटकून असलेली. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन जमातींची सरकारदरबारी 'आदिम जमाती' म्हणून वेगळी नोंद आहे. त्यातल्या कोलामांची मोठी वस्ती मारेगाव, झरी-जामणी, केळापूर, वणी या पट्ट्यात आहे.

कोलामांची भाषा कोलामी. ती मराठीची बोली नाही. द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे, म्हणजे नात्याने तेलुगू-गोंडीच्या जवळची आणि मराठीशी फक्त शेजारधर्म. कोलामीत पाण्याला 'ईर' म्हणतात. आगीला 'किस', झाडाला 'माक' आणि घराला 'एल्ला'.

आता पहिलीचं पुस्तक उघडा. 'घ' घराचा. शेजारी कौलारू घराचं चित्र. ज्या घरात अजून कोलामी बोलली जाते त्या घरातलं सहा वर्षांचं पोर चित्राकडे बघतं आणि त्याच्या डोक्यात येतं 'एल्ला'. मास्तर म्हणतात, 'घ'. पोर गप्प. मास्तर पुन्हा म्हणतात, 'घ'. पोर आणखी गप्प. शेरा पडतो: कच्चा आहे.

पण नेमकं काय कच्चं आहे? 'घ' हे अक्षर, की 'घर' हा शब्द? वर्गात तीस-चाळीस पोरं असताना हा प्रश्न विचारायला मास्तरांना सवड नसते, आणि बरेचदा तो सुचतही नाही. हा प्रश्न विचारणं हेच ज्याचं मुख्य काम, त्याला इंग्रजीत ट्यूटर म्हणतात. आजचं पुराण त्याच्याविषयी.

मराठीत ट्यूटरला धड एक शब्द नाही. 'शिक्षक' म्हटलं तर शाळेतले आले. 'गुरू' म्हटलं की पाया पडणं आलं. 'शिकवणी' हा शब्द छान आहे, पण तो कामाचा आहे, माणसाचा नाही. 'शिकवणीचे मास्तर' म्हणायचो आपण. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र मजेशीर आहे. तो 'राखणे, नजर ठेवणे' या अर्थाच्या धातूवरून आला. रोमन कायद्यात ट्यूटर म्हणजे बाप मेलेल्या अज्ञान मुलाचा आणि त्याच्या मालमत्तेचा पालक. शिकवण्याचा अर्थ नंतर चिकटला. विदर्भात उभ्या पिकात रानडुकरं शिरू नयेत म्हणून रात्री शेतावर जागलीला जातात ना, त्यातला प्रकार. ट्यूटर म्हणजे आधी जागल्या आणि मग मास्तर.

आपल्याकडे आधी होते पंतोजी. त्यांच्यावर आपण पुष्कळ विनोद केलेत: धोतर, शेंडी, हातात छडी, अंगठे धरून उभी पोरं. विनोद खोटे नाहीत, शिक्षा भयंकरच असत. पण त्या शाळेची एक गोष्ट आपण विसरतो. तिथे इयत्ता नव्हती. कुणाच्या देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर पंधरा-वीस पोरं बसायची. कुणी धुळपाटीवर पहिली अक्षरं गिरवतोय, कुणी पावकी-निमकी घोकतोय, कुणी मोडीतली पत्रं वाचतोय. ज्याचं जे झालं असेल त्याच्या पुढचं त्याला द्यायचं. आणि थोरल्या पोराने धाकट्याला बसवून घ्यायचं. फी म्हणजे थोडे पैसे, सणाला शिधा.

हे थोरल्याने धाकट्याला शिकवणं साहेबालाही आवडलं. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री १७९० च्या दशकात मद्रासला सोजिरांच्या अनाथ मुलांची शाळा सांभाळत होता. जवळच्या एका देशी शाळेत पोरं वाळूत अक्षरं काढताना त्याने पाहिली, आणि ती रीत आपल्या शाळेत मोठ्या पोरांकरवी लहानांना शिकवायला लावली. १७९७ साली त्याने लंडनमध्ये त्यावर पुस्तिका छापली आणि 'मद्रास पद्धत' म्हणून ती इंग्लंडभर गेली. म्हणजे गावठी पंतोजीचा मॉनिटर विलायतेला जाऊन आला. (आमच्या धंद्यात याला ओपन सोर्स म्हणतात. श्रेय फक्त परत येत नाही.)

पण या शाळेचं दार कुणासाठी उघडं होतं? ब्राह्मण, वाणी, काही बऱ्या परिस्थितीतले कुणबी. मुली नाहीत. अस्पृश्य तर नाहीतच. आणि पोडावर कुठला पंतोजी जाणार होता?

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षण खातं आलं. इयत्ता आल्या, छापील क्रमिक पुस्तकं आली, तपासनीस आले. दार कागदावर तरी सगळ्यांना उघडलं, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र त्या बदल्यात एक सोय गेली. आता सगळ्या वर्गाने एकाच दिवशी एकाच पानावर असायचं. जो मागे राहिला तो मागेच राहिला, कारण पान थांबत नाही. मला वाटतं, शिकवणीची गरज तेव्हापासून सुरू झाली. शिकवणी म्हणजे इयत्तेने जे काढून घेतलं ते पैसे मोजून परत विकत घेणं.

आणि पैसे मोजायला कुणी कमी नसेल तर काय होतं, ते बडोद्यात दिसलं.

एप्रिल १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं. रेसिडेंट कर्नल फेयरवर विषप्रयोगाच्या आरोपाचं ते प्रकरण प्रसिद्ध आहे. आता गादीवर कोण? खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायचं ठरलं, आणि मालेगावजवळच्या कवळाण्याहून गायकवाडांच्या दूरच्या शाखेतला एक मुलगा आणला. नाव गोपाळराव, वय बारा, शेतकऱ्याचं पोर. लिहिता-वाचता येत नव्हतं. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि गोपाळरावाचे सयाजीराव झाले.

जरा डोळ्यासमोर आणा. बारा वर्षांचं, अक्षरशत्रू पोर. आजच्या भाषेत 'शाळाबाह्य'. आणि सहा वर्षांनी त्याच्या हाती हिंदुस्थानातलं एक बडं संस्थान द्यायचं आहे. म्हणजे डेडलाइन ठरलेली आहे आणि मागची बारा वर्षं रिकामी.

त्यासाठी एफ. ए. एच. इलियट या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. पद: ट्यूटर. वाड्यात खास शाळा काढली, सोबतीला बरोबरीची काही मुलं बसवली. एकदम चार भाषा सुरू झाल्या: मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी. घरात मराठी, रयतेची गुजराती, दरबारी उर्दू आणि साहेबाची इंग्रजी. शिवाय व्यायाम, घोडेस्वारी, इतिहास, हिशेब. शेवटच्या वर्षी, १८८१ मध्ये, दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. ती पुढे 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली. एका विद्यार्थ्यासाठी दिवाणाने लिहून काढलेला अभ्यासक्रम! २८ डिसेंबर १८८१ ला सयाजीरावांच्या हाती अधिकार आले.

आता यात सरकारचा हेतू काय, तर सरळ होता. मल्हारराव पुन्हा नको होते. आपल्या वळणाचा, आपल्याला मानणारा राजा हवा होता. रोमन कायद्यातला तो जुना अर्थ इथे बरोबर बसतो. इलियट मुलाचा मास्तर होता आणि सरकारचा जागल्याही. एकाच माणसाच्या दोन नोकऱ्या. पुढे इलियट बडोद्यातच जमीन मोजणी आणि सारा ठरवण्याच्या कामावर राहिले, आणि गुरु-शिष्यांचा लोभ टिकला.

पण माणूस शिकला की तो कुणाच्या आवाक्यात राहत नाही. १८९३ साली सयाजीरावांनी अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते राज्यभर लागू केलं. इंग्रजांच्या मुलखात असलं काही नव्हतं. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला, तरी ते १९१२ मध्ये नामंजूर झालं. १९११ च्याच डिसेंबरात दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहाला एकदाच वाकून मुजरा केला आणि पाठ फिरवून चालू लागले, यावर केवढा गहजब झाला! 'आपल्या वळणाचा राजा' करायला नेमलेल्या ट्यूटरच्या शिष्याने तो केला, हे विशेष. आणि १९१३ साली याच राजाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं.

कोल्हापुरातही तेच. १८८४ मध्ये दत्तक आलेले शाहू महाराज आधी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, मग धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या हाताखाली शिकले. २ एप्रिल १८९४ ला अधिकार हाती आले. १९०२ मध्ये मागासलेल्यांना नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा, १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण.

यावरून 'चांगला ट्यूटर ठेवला की सयाजीराव तयार होतो' असा निष्कर्ष कुणी काढला तर मी हात जोडतो. साहेब ट्यूटर लाभलेले संस्थानिक खंडीभर होते आणि त्यातले बरेच पोलो, शिकार आणि पॅरिस यातच रमले. शिष्य कोण, हेही मोजावं लागतं. आपण मात्र श्रेय देताना फार भांडतो. दादोजी कोंडदेवांनी शिवाजी महाराजांना किती शिकवलं आणि जिजाऊंनी किती, यावर महाराष्ट्रात इतकी वर्षं वाद झाला, की डिसेंबर २०१० मध्ये पुण्याच्या लाल महालातून दादोजींचा पुतळा हलवला गेला. कुणी कुणाला शिकवलं, हा आपल्याकडे इतिहासापेक्षा मालकीहक्काचा प्रश्न असतो.

बडोद्याच्या गोष्टीतून मला एवढंच घ्यायचं आहे. बारा वर्षांचं निरक्षर पोर 'वाया गेलेलं' नसतं. त्याच्याजवळ बसायला माणूस आणि वेळ मिळाला तर सहा वर्षांत पुष्कळ होतं. हे १८८१ मध्येच सिद्ध झालं होतं. फरक इतकाच, की ते एका पोरासाठी केलं होतं आणि खर्च सगळ्या संस्थानाचा होता.

शिकवणीचा दुसरा इतिहास गरिबाघरचा आहे, किंवा बायकांचा म्हणा. शाळेने ज्यांना आत घेतलं नाही त्यांना शिकवणीनेच आत आणलं. सावित्रीबाईंना आधी जोतीरावांनी घरीच शिकवलं, पुढे सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. मग १८४८ मध्ये त्या स्वतः वर्गापुढे उभ्या राहिल्या. खुद्द जोतीरावांची शाळा मध्येच सुटली होती. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचं मन वळवलं, म्हणून १८४१ मध्ये ते पुन्हा शाळेत गेले. हे दोघे पगारी शिक्षक नव्हते. पोरगं हुशार आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते गप्प बसले नाहीत, इतकंच.

रमाबाई रानडे १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी स्वतः शिकवायला घेतलं, पुढे घरी शिक्षिका ठेवली. घरातल्या बाकी बायकांनी त्यापायी जे टोमणे मारले ते रमाबाईंच्या १९१० सालच्या आठवणींच्या पुस्तकात आहेत. ते वाचताना कळतं, की शिकवणीत धडा हा निम्माच भाग असतो. उरलेला निम्मा म्हणजे 'तू शीक, मी आहे' असं कुणीतरी रोज न बोलता सांगणं. पुन्हा तेच, जागल.

आता मारेगावकडे परत येऊ. पण थेट नको, पैनगंगेपलीकडून येऊ.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. आज तेलंगणात, तेव्हा निजामाच्या राज्यात. नदीच्या दोन्ही काठांना गोंड आणि कोलाम. अलीकडचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात आणि पलीकडे निजाम. (तेव्हा आपल्या जिल्ह्याला 'वणी जिल्हा' म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ चं.) १९४० मध्ये जोडेघाट इथे कोमराम भीम हा गोंड पुढारी पोलिसांच्या गोळीला बळी पडला आणि निजाम सरकारला जाग आली, की हे लोक चिडलेत का हे कुणीतरी विचारायला हवं. विचारायला गेला क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ. महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरून तो हैदराबाद संस्थानातच अडकून पडला होता. तो आणि त्याची बायको बेटी मारलावई या गोंड खेड्यात राहिले.

तिथे १९४३ मध्ये एक योजना निघाली. गोंड मुलांना शिकवायला बाहेरून मास्तर आणायचे नाहीत. थोडंफार मराठी वाचता येणारे गोंड तरुण हुडकायचे, त्यांनाच शिक्षक म्हणून तयार करायचं. पहिली पुस्तकं गोंडीत, पण लिपी देवनागरी, कारण त्या मुलखात लिहिण्या-वाचण्याचा व्यवहार मराठीचा. अक्षरं आधी आपल्या भाषेतल्या शब्दांवर बसवायची, मग दुसरी भाषा. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी तेव्हा निजामाच्या नोकरीत त्याच जिल्ह्यात होते. शिवकालावर लिहिणारे पगडी आपल्याला माहीत असतात, पण याच पगडींनी १९५० मध्ये कोलामी भाषेचं व्याकरण लिहिलं, हे किती जणांना ठाऊक आहे? पाच वर्षांनी, १९५५ मध्ये, मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचं कोलामीवरचं पुस्तक अमेरिकेत निघालं. म्हणजे 'घ' की 'घर' या प्रश्नाचं उत्तर शोधायची साधनं सत्तर वर्षांपूर्वीच तयार होती.

मारलावईचं पुढे काय झालं? १९५६ ची राज्य पुनर्रचना झाली, आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला, शाळांचं माध्यम तेलुगू झालं आणि गोंडी पुस्तकं मागे पडली. योजना नापास झाली म्हणून बंद पडली नाही. नकाशा बदलला म्हणून बंद पडली. आमच्याकडे चालता प्रोजेक्ट नवीन मॅनेजर आला म्हणून बंद होतो, तसंच म्हणा.

बरं, एकट्याला जवळ बसवून शिकवल्याने फरक पडतो हे आपण आपलं अनुभवाने म्हणतो. मोजलंय का कुणी? मोजलंय. १९८४ मध्ये बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने एक लेख लिहिला. त्याच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत, स्वतंत्र ट्यूटर मिळालेला सरासरी मुलगा नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला होता. संख्याशास्त्राच्या भाषेत दोन प्रमाण विचलनांचा फरक. हे प्रयोग काही आठवड्यांचेच होते, आणि नंतरच्यांना एवढा मोठा फरक दिसला नाही. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन याने पुष्कळ प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा माणूस ट्यूटरचा परिणाम ०.७९ निघाला. गंमत म्हणजे, पायरी-पायरीने मुलाचं उत्तर तपासणाऱ्या संगणक प्रणालींचा ०.७६. म्हणजे जवळपास तेवढाच!

आम्हा कोडवाल्यांना हे वाचून गुदगुल्या होतात. पण संगणकाने जे केलं ते काय होतं बघा. १९७८ मध्ये ब्राउन आणि बर्टन या दोघांनी 'बग्गी' नावाचा प्रोग्रॅम केला होता. ५२ वजा २७ हे गणित पोराने ३५ असं केलं, तर आपण लाल फुली मारतो. पण ते पोर वाटेल ते लिहीत नाहीये. दोनातून सात जात नाहीत म्हणून ते सातातून दोन वजा करतंय. प्रत्येक वेळी, नेमाने. त्याच्या डोक्यात एक नियम आहे आणि तो चुकीचा आहे. याला आम्ही बग म्हणतो. फुली मारून बग जात नाही, तो शोधावा लागतो. चांगला ट्यूटर हा मुळात डीबगर असतो. एल्लावाल्या पोराच्या बाबतीत तर कोडात चूकच नाही. इनपुट चुकीच्या भाषेत चाललंय.

ब्लूमने त्या लेखातच खरा प्रश्न विचारला होता. प्रत्येक पोराला एक ट्यूटर देणं कुठल्याच समाजाला परवडत नाही. मग त्याच्या जवळपास जाणारं, पण परवडणारं, काय आहे?

याचं एक उत्तर मुंबईत निघालं. १९९४ च्या सुमारास माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी 'प्रथम' ही संस्था सुरू केली. त्यांचा एक उपक्रम 'बालसखी'. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी निवडायची, तिला दोन आठवडे तयार करायचं, आणि महापालिकेच्या शाळेतली तिसरी-चौथीची मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास तिच्याकडे द्यायची. मानधन महिन्याला दहा ते पंधरा डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण पाचशे ते सातशे रुपये. पुस्तक कुठल्या पानावर आहे हे तिने बघायचं नाही. पोर कुठे आहे ते बघायचं.

२००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांत चाचणी घेतली. शहरं दोन: मुंबई आणि.. वडोदरा! ज्या गावात सव्वाशे वर्षांपूर्वी एका पोरासाठी एक इलियट नेमला होता, त्याच गावच्या पालिका शाळांत. परिणाम पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन. जास्तीत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना. आणि एक मजेदार गोष्ट: मागची पोरं बालसखीकडे गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, पण तिथे उरलेल्या मुलांची काहीच प्रगती वाढली नाही. नुसता वर्ग लहान करून भागत नाही. शिकवणं पोरापासून सुरू व्हावं लागतं. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळही दिले होते, एका यंत्रावर दोघं. त्याचा गणितातला परिणाम ०.३५ आणि ०.४७.

सगळं गोड नाही. उपक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिलं तर फायदा पुष्कळसा ओसरला होता, साधारण ०.१ उरला होता. यात मला आश्चर्य वाटत नाही. जागल सोडली की डुकरं येतात. आणि पाचशे-सातशे रुपयांत मुलींकडून एवढं काम करून घेणं म्हणजे स्वस्तात उरकणं, हा आक्षेपही मला पटतो. बॅनर्जी-डुफ्लोंना २०१९ चं नोबेल मिळालं, त्या मुलींची नावं कुठे छापली गेली नाहीत. असो.

आता आजचं चित्र. शिकवणी मागे पडलेल्यासाठी असते, हा अर्थच आपण उलटा केला. आजचा 'क्लास' पुढच्याला आणखी पुढे नेण्यासाठी असतो, आणि त्यात शंभर-दोनशे पोरं बसतात. म्हणजे इयत्तेचा जो दोष, तोच मोठा करून जास्त दराने विकलेला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शाळेच्या शिक्षकांना खासगी शिकवणीची बंदी केली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश देऊ नका म्हणून. हे सगळं ज्यांना शिकवणी जास्त झाली त्यांच्यासाठी. ज्यांना ती कधी मिळालीच नाही त्यांच्यासाठी त्याच कायद्याचं २९ वं कलम आहे: शिक्षणाचं माध्यम, शक्य तिथवर, मुलाची मातृभाषा असावं. 'शक्य तिथवर' या दोन शब्दांतून केवढी मोठी वाट निसटते ते पोडावर जाऊन पाहावं.

हल्ली मला मित्र विचारतात, आता चॅटबॉट आलेत, प्रत्येक पोराच्या हातात ट्यूटर आला की नाही? इंग्रजीत आला असेल, मराठीत येतोय. पण ही यंत्रं छापील मजकुरावर पोसली जातात, आणि कोलामीत छापलेलं कितीसं आहे? यंत्राला 'एल्ला' कुणीतरी आधी शिकवावं लागेल. तिथेही पहिला मास्तर पोडावरचाच लागणार.

आणि तो आहे. म्हणजे ती आहे. बारावीपर्यंत पोचलेल्या कोलाम मुली आणि मुलं आज या पट्ट्यात आहेत. घरी कोलामी, शाळेत मराठी, दोन्हीकडे पाय असलेली. इलियटला चार भाषांची शाळा उभारावी लागली, हायमेनडॉर्फला वाचता येणारे तरुण हुडकत हिंडावं लागलं. इथे माणसं घरातच बसलेली आहेत, बरेचदा कापूस वेचायला किंवा रोजगार हमीवर जात असतील. पंधरा मुलं, रोजचे दोन तास, कोलामी शब्दांवर बसवलेली देवनागरी अक्षरं आणि लाज वाटणार नाही इतका पगार. हिशेब पाटीवर मांडता येईल एवढा लहान आहे. फक्त एक अट: दोन वर्षांनी 'उपक्रम संपला' म्हणायचं नाही.

तिने पहिल्या दिवशी काय करावं? घराचं चित्र दाखवावं आणि पोराला विचारावं, हे काय? पोर म्हणेल, एल्ला. तिने पाटीवर 'ए' काढावा.